चाळिशीनंतरची कोरडी त्वचा आणि सेरामाइड

थंडी सुरू झाली की माझ्या गालांवर पापुद्रे निघायचे, डोळ्यांखालच्या बारीक रेषा आंघोळीनंतर अजूनच उठून दिसायच्या, म्हणून आधी एक महागडं अँटी-एजिंग सिरम लावलं तर चेहऱ्याची नुसती आग आग झाली. मग वाचलं की त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या स्निग्धांशात वजनाने जवळपास ५० टक्के सेरामाइडच असतं, म्हणजे पेशी या विटा आणि हे मधलं सिमेंट, वय वाढतं तसं ते कमी होतं आणि ओलावा टिकत नाही. आता तोंड धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावते, लेबलवर सेरामाइड एनपी, एपी (हे सेरामाइडचेच प्रकार) आणि सोबत कोलेस्टेरॉल (तोही त्वचेतलाच एक स्निग्धांश) आहे का ते बघूनच घेते. खोल सुरकुत्या याने जात नाहीत हं, पण कोरडेपणाच्या रेषा खरंच कमी झाल्या. आईच्या हातांनाही रोज रात्री लावते, मनगटाजवळची खरखर आता बोटाला लागत नाही.