तुम्ही विचारलंत म्हणून: धर्म की तत्त्वज्ञान?

‘तुम्ही सोलापूरच्या सिद्धेश्वराला जाता, ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसही वाचता. माणूस चांगला व्हायला यातलं काय उपयोगी पडतं?’ लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. आजवर टाळलं, आज सांगतो.

आमचे टॉवेलचे यंत्रमाग होते. एका जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर, एक विणकर उचल मागायला आला. मुलगी दवाखान्यात होती. आधीची उचल फिटलेली नव्हती. मी शांतपणे म्हणालो, ‘जे आपल्या हातात नाही, त्याचा त्रास करून घेऊ नये.’ तो विचार मला एपिक्टेटसमध्ये नुकताच सापडला होता, आणि सांगताना बरंही वाटलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे मालक.’ आणि पाळीवर गेला. त्यानं सावकाराकडून पैसे काढले. मुलगी वाचली. ते व्याज तो पुढं तीन वर्षं फेडत होता, माझ्याच मागावर डबल पाळ्या करून.

पैसे गल्ल्यात होते. देणं माझ्या हातात होतं. एपिक्टेटस स्वतः गुलाम होता. त्याच्या तोंडी ते वाक्य धीर देतं, मालकाच्या तोंडी ते दार लावून घेतं. पुस्तकच अपुरं, असं मी कित्येक वर्षं म्हणायचो. ते खोटं होतं. आपलं वागणं आपल्या हातात असतं, हेही त्यानंच सांगितलंय. मी सोयीचं तेवढं घेतलं.

मग धर्म बरा? त्याच आठवड्यात मी पांढरी बाराबंदी घालून यात्रेतल्या नंदीध्वजांबरोबर 68 शिवलिंगांची फेरी केली. डोळे भरून आले होते, खरोखर भरून आले होते. तो विणकर मात्र एकदाही आठवला नाही. तरी यात्रेला ढोंग म्हणू नका. माझं ते रडणं खरं होतं.

12व्या शतकात सिद्धरामांनी, म्हणजे याच सिद्धेश्वरांनी, तळं खोदवलं, तेव्हा संतकवी अल्लमप्रभूंनी त्यांना टोकलं: नुसतं बाहेर खणून मुक्ती नाही. तरुणपणी मला अल्लमप्रभूंचंच पटायचं. आता तळ्याकाठी बसलो की वाटतं, लोकांना पाणी तरी मिळालं. पण सिद्धराम स्वतः अल्लमप्रभूंच्या मागं बसवेश्वरांच्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेलेच की! इथं मी दर वेळी अडतो.

ती मुलगी आता शिक्षिका आहे. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. बापानं तिला सांगितलंय का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.