चिखलदऱ्याचे सेक्रेटरी बाबाजी

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायच्या दोन वाटा. एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. मी घटांगची धरली. भादव्याचे दिवस, सागाला पांढरे तुरे आलेले, वळणावळणावर ढग रस्त्यात उतरलेले. गाविलगड, भीमकुंड, देवी पॉइंट हे सगळं मागे कधीतरी पाहून झालं होतं. या खेपेला एका माणसाला भेटायचं होतं.

गावात त्यांना सगळे सेक्रेटरी बाबाजी म्हणतात. वय नव्वदीच्या घरात. जन्म गवळ्याच्या घरातला, पण इथल्या आदिवासींची कोरकू भाषा अशी बोलतात की कोरकू माणसानंही ऐकत राहावं. उमेदीची सगळी वर्षं खालच्या खोऱ्यातल्या आदिवासी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून गेली. सोसायटीत चेअरमन बदलतात, डायरेक्टर बदलतात. वही मात्र सेक्रेटरीकडेच राहते. ती वही कोणाच्या हाती आहे यावर मेळघाटात किती घरांचा पावसाळा अवलंबून असे, हे मला त्यांच्या ओसरीवर बसल्यावर कळलं.

आषाढ-श्रावण हे इथले टंचाईचे महिने. मागची कुटकी, ज्वारी संपलेली, नवं पीक शेतात, मजुरी बंद. अशा वेळी सावकार पायलीभर धान्य द्यायचा आणि उभं पीक लिहून घ्यायचा. या फासातून आदिवासींना सोडवण्यासाठी 1976 साली राज्यानं कायदा केला आणि 1978 पासून आदिवासी विकास महामंडळाचं खावटी कर्ज सुरू झालं. काही धान्यात, काही रोख. कागदावर योजना चांगलीच होती. पण यादीत नाव नसेल तर घरात दाणा येत नसे, आणि यादी करायची ती सेक्रेटरीनं.

“यादी मिरगाच्या आधी झाली पाह्यजे,” बाबाजी म्हणाले. “मंग नाले भरते, मानूस इकडचा तिकडं जात नाही. यादी राह्यली का चूल राह्यली.”

म्हणून भर मे महिन्यात ते गावोगाव पायी फिरत. पिशवीत फॉर्म, शाईचा पॅड आणि भाकरी. अंगठा घेण्याआधी प्रत्येकाला त्याच्या नावावरची रक्कम कोरकूतून वाचून दाखवत. “आपन काहावर अंगठा देऊन राह्यलो, हे मानसाले समजलं पाह्यजे ना, बाई.” हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. माझ्या मते त्यांची सगळी समाजसेवा या एका वाक्यात आहे. रस्ते, पूल, इमारती बांधणाऱ्यांची नावं पाटीवर लागतात. वेळेवर आणि खरं लिहिणाऱ्याची लागत नाहीत. लागायला हवीत.

मधेच सूनबाईंनी वाटीभर रबडी आणून ठेवली. गवळ्याच्या घरची, दाट, जरा धुरकट चवीची. नाही म्हणायची सोय नव्हती आणि इच्छाही.

बाबाजी निवृत्त होऊन चिखलदऱ्याला राहायला आले, पण काम सुटलं नाही. जंगलातल्या कसत्या जमिनीवर हक्क देणारा 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपण कसतो, हे दावेदारानं दाखवायचं. एकाहून जास्त पुरावे लागतात. ज्यांच्या झोपडीत कागद टिकलाच नाही त्यांनी काय आणायचं? नियमांत एक वाट आहे: गावातल्या जाणत्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. कोणाची झोपडी कोणत्या नाल्यावर, कोणाचा बाप कुठं कुटकी पेरायचा, हे बाबाजींना खावटीच्या याद्या करता करता पाठ झालेलं. इतकं जगल्याचा गावाला असा उपयोग झाला.

मी निघायच्या बेतात असताना खोऱ्यातल्या वनहक्क समितीचा तरुण सचिव मोटारसायकलवरून आला. सामूहिक दाव्यासाठी गुरं कुठं चरायची, मोह कुठला वेचायचे, हे बाबाजींनी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढं केला. बाबाजींनी पेन घेतलंच नाही.

“आधी वाचून दाखव.”

पोरानं वाचलं. एका नाल्याचं नाव चुकलं होतं. ते खोडून पुन्हा लिहायला लावलं, मग सही केली. कागदाची घडी होत होती तेवढ्यात म्हणाले, “पलीकडच्या गावात माह्याहून मोठा एक बुढा हाये. त्याचा जबाब याच आठवड्यात घेऊन टाक. पानी थांबाची वाट पाहू नोको.”