धंद्याचा तास, तोही वॉर्डात

डॉक्टरच्या तोंडी ‘धंदा’ हा शब्द आला की आपल्याकडे घरातल्या मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. इकडे स्टॅनफर्डला मेडिकलची मुलं इंजिनिअरिंग आणि एमबीएवाल्यांबरोबर एका टेबलाशी बसून नेमकं तेच शिकतात. या ‘बायोडिझाइन’ उपक्रमामागे पॉल यॉक हे हृदयरोगतज्ज्ञ आणि जॉश मॅकोवर हे उद्योजक डॉक्टर. मी स्टॅनफर्डशेजारच्या पालो आल्टोत राहते, त्यामुळे या वर्गातल्या मुलांशी गप्पा होतात.

पहिला नियम ऐकून मजा वाटली: कल्पना काढायची नाही! वॉर्डात जायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, दिसेल ते वहीत उतरवायचं. एकीनं लिहिलं होतं, हृदयाच्या ठोक्यांचा मॉनिटर लावलेला पेशंट बाथरूमला निघाला की नर्स छातीवरच्या तारा काढते, आला की पुन्हा लावते. मधेच एक इलेक्ट्रोड सुटतो आणि कुणाच्या तरी बुटाला चिकटून कॉरिडॉरभर हिंडतो. पोरगी लगेच म्हणाली, “वायरलेस करू या!” मास्तरांनी तिथंच अडवलं. आधी एका वाक्यात गरज लिही: अडचण काय, कुणाची, आणि काय बदललं म्हणजे ती सुटली म्हणायचं. त्या एका वाक्यावर आठवडे जातात. नर्सचा वेळ वाचवायचा, की त्या दहा मिनिटांत ठोके बिघडले तर कळायला हवं? दोन्हींतून निघणारी उपकरणं पार वेगळी.

हे नुसतं पुस्तकी नाही. इथलेच फेलो डॉ. उदय कुमार यांनी २००६ मध्ये ‘आयरिदम’ ही कंपनी काढली. होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं यंत्र, साधारण एक-दोन दिवस लावतात; पंधरवड्यातून एखाद्या वेळी होणारी धडधड त्यात सापडायची कशी? त्यांची ‘झिओ’ पट्टी बिनतारी, छातीवर चौदा दिवसांपर्यंत राहते.

पुठ्ठा आणि ग्लू गन घेऊन नमुने करण्यात मुलं रमतात. खरा घाम फुटतो तो ‘पैसे कोण देणार?’ इथं. अमेरिकेत उत्तर बहुतेकदा विमा कंपनी किंवा मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा. आपल्याकडे बऱ्याचदा पेशंटचा स्वतःचा खिसा, त्यामुळे इथला हिशेब जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आयआयटी मुंबईचं ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आपल्याकडे असं काम करतं. तुमच्यापैकी कुणी मेडिकलला असेल तर जरूर चौकशी करा.

त्या मुलीच्या गटानं तारांचा विषय सोडला. नर्सच्या वाचलेल्या वेळाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, ते त्यांना ठरवता येईना.