आमची वाटचाल: लोखंडाच्या पावडरीकडून हायड्रोजनकडे

महाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. अमाइन्स, म्हणजे औषधं-रंगांसाठी लागणारी नायट्रोजनयुक्त रसायनं बनवतो, मुख्य माल थ्री-क्लोरो-फोर-फ्लोरो अ‍ॅनिलिन, नॉरफ्लॉक्सासिनसारखी औषधं यातूनच पुढे तयार होतात.

वडिलांच्या काळात सगळं काम बेशाम्प या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीनं, म्हणजे १८५४ सालचीच रीत, नायट्रो (अमाइनच्या आधीचं, नायट्रोजन-ऑक्सिजनचा गट असलेलं रसायन) घ्यायचं, लोखंडाची पावडर नि थोडं अ‍ॅसिड टाकून तापवायचं. भरवशाची पद्धत, आमचं घर त्यावरच उभं राहिलं. पण हिशोब बघा, साधं अ‍ॅनिलिन १०० किलो करायचं तर कागदावरच १३५ किलो लोखंड लागतं आणि १८५ किलोच्या वर आयर्न ऑक्साइड पडतं, तेही कोरडं धरून! प्रत्यक्षात तो काळा ओला गाळ, त्यात अमाइन मुरलेलं, आणि कोकणातला पाऊस, म्हणजे झाकून ठेवा, सांभाळा, मग गाडी भरून विल्हेवाटीला पाठवा. हायड्रोजननं हेच केलं तर साडेसहा किलो पुरतो आणि बाजूला निघतं फक्त पाणी.

मी धंद्यात आल्यावर ठरवलं की हे बदलायचंच. अडचण होती क्लोरीनची, कारण आमच्या मालाच्या रेणूत तो असतो आणि तिथेच टिकायला हवा. हायड्रोजनसोबत नेहमी वापरतात तो कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शन घडवून आणणारा पदार्थ), पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कोळशाच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम धातू, नायट्रोचं अमाइन करतो खरं, पण सोबत क्लोरीनही तोडतो, मग माल अशुद्ध होतो आणि सुटलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ऑटोक्लेव्हचं (दाबाखाली रिअ‍ॅक्शन करायच्या बंद भांड्याचं) स्टील खातं ते वेगळंच. उपाय म्हणजे सल्फर दिलेला प्लॅटिनम कॅटॅलिस्ट, सल्फरमुळे त्याचा जोर थोडा मरतो, नायट्रोचं अमाइन होतं पण क्लोरीन जागेवर राहतो. मला तर या केमिस्ट्रीचं आजही फार कौतुक वाटतं.

जोखीमही सांगायलाच हवी. या रिअ‍ॅक्शनला प्रचंड उष्णता सुटते, आणि हायड्रोजन कमी पडला की मधल्या टप्प्यावर बनणारं हायड्रॉक्सिलअमाइन साठतं, ते स्फोटक ठरू शकतं, म्हणून कूलिंग आणि स्टरर चोख असल्याशिवाय आमच्याकडे बॅच सुरूच होत नाही. वापरलेला कॅटॅलिस्ट नायट्रोजनखाली गाळायचा आणि ओलाच ठेवायचा, सुकला की हवेत पेट घेतो. पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) परवानगी, फ्लेमप्रूफ वायरिंग, माणसांचं ट्रेनिंग, छोट्या युनिटला हा खर्च जड जातो, बँकेचं कर्ज काढूनच केलं. पण एकच कॅटॅलिस्ट अनेक बॅचला चालतो, थकला की रिफायनरीत जाऊन प्लॅटिनम परत मिळतो, गणित तिथे बसतं.

सिलिंडरमधला हायड्रोजन बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा प्लांटचा बायप्रॉडक्ट असतो, म्हणजे मुद्दाम बनवावा लागत नाही, तेही चांगलंच.

आता लक्ष आहे स्वस्त धातूंवर. जर्मनीत रोस्टॉकला बेलर आणि जगदीश यांच्या टीमनं २०१३ मध्ये कार्बनवरचा लोखंडाचा कॅटॅलिस्ट दाखवला, हायड्रोजन वापरून नायट्रोचं अमाइन करणारा, हॅलोजनला (क्लोरीन, फ्लोरीन वगैरेंना) धक्का न लावता. प्लॅटिनमचे भाव बघता आमच्या लॅबमधल्या छोट्या ऑटोक्लेव्हवर यंदा याच्याच ट्रायल घेतोय.