अराफातहून सूर्य बुडाल्यावरच का निघायचं

हजच्या महिन्याची, जिल्हेजची नववी तारीख. फजर, म्हणजे पहाटेची नमाज पढून, सूर्य वर आल्यावर आम्ही मक्केजवळच्या मिनातून अराफातच्या मैदानाकडे पायी निघालो. अंतर साधारण 14 किलोमीटर, गर्दी धरून चार तास लागतात. पुरुषांना पहिला त्रास मांड्यांचा. हजमध्ये पुरुषांचा एहराम म्हणजे न शिवलेल्या दोन चादरी. घामानं मांड्या घासून सोलवटतात आणि पुढचे तीन दिवस पाय टाकणं नको होतं. म्हणून निघण्याआधीच व्हॅसलिन लावायचं, तेही बिनवासाचं, कारण एहरामात सुगंध चालत नाही. पुरुषाला डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते, ती डोक्याला टेकत नाही. ती विसरू नका. 2024 च्या हजमध्ये उष्म्यानं 1,300 हून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक बिनपरवाना आलेले, म्हणजे तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन्‌मैल चाललेले.

या वाटेवर एक गोष्ट लक्षात ठेवून चाललं तर सगळ्या वेळा आणि हद्दी आपोआप समजतात: पैगंबरसाहेबांनी जुनी रीत ठिकठिकाणी बदलली. मिना आणि अराफातच्या मधलं मुझदलिफा हरमच्या, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या हद्दीत येतं, अराफात बाहेर. इस्लामपूर्वी कुरैश, म्हणजे मक्केच्या, पैगंबरांच्याच टोळीतले लोक, स्वतःला हरमचे रखवालदार मानत आणि हजमध्ये मुझदलिफाच्या पुढे जात नसत. अराफातच्या मैदानात जायचं ते बाकीच्या अरबांनी. 10 हिजरीत, म्हणजे 632 साली, पैगंबर मुहम्मद (स.) कसवा उंटिणीवर बसून मिनातून निघाले, तेव्हा कुरैशांची खात्री होती की आपला माणूस आपल्याच जागी थांबणार. ते थांबले नाहीत. सरळ अराफातला गेले. सगळे जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, असं कुरआनात सांगितलं आहे. आज प्रत्येक हाजी मुझदलिफा मागे टाकून पुढे जातो तो त्यामुळे.

पैगंबरसाहेबांनी खुतबा, म्हणजे प्रवचन दिलं ते अराफातला लागून असलेल्या उरना खोऱ्यात. अज्ञानकाळातलं, म्हणजे इस्लामपूर्व काळातलं व्याज रद्द केलं, ते पहिल्यांदा आपले चुलते अब्बास यांचं. जुन्या खुनांचे सूड रद्द केले, तिथेही सुरुवात आपल्याच घराण्यातल्या खुनापासून. त्या जागी आज नमिरा मशीद आहे आणि सगळ्यात मोठी चूक इथंच होते. मशीद नंतर वाढवली ती अराफातमध्ये, पण किब्ल्याकडचा, म्हणजे काबेच्या दिशेचा मूळ भाग अजून हद्दीबाहेर, खोऱ्यातच आहे. माणूस झोहर-असर, म्हणजे दुपारच्या दोन नमाजा पढतो, आत गारवा असतो, बसल्या जागी डोळा लागतो, आणि सूर्य बुडेपर्यंत तो तिथंच. त्याचा वुकूफ (अराफातच्या हद्दीतलं थांबणं) झालाच नाही. बाकी बऱ्याच चुका दम देऊन, म्हणजे जनावराची कुर्बानी करून भरून निघतात. अराफात चुकलं तर हजच जातो. मशिदीत हद्दीच्या पाट्या आहेत. नमाज झाली की त्या बघून मागे सरकायचं. अराफातमधल्या जबल-ए-रहमत टेकडीवर चढायची मुळीच गरज नाही. हद्दीच्या आत कुठेही उभं राहिलं तरी चालतं.

पूर्वी लोक अराफातहून सूर्य डोंगरमाथ्यावर असतानाच निघत, असं सांगतात. पैगंबरसाहेब तो पुरता बुडेपर्यंत थांबले. म्हणून आम्हीही थांबलो, आणि मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज न पढता निघालो. मगरिब आणि रात्रीची ईशा मुझदलिफाला पोचल्यावर एकत्र. हा पट्टा पायीच बरा: आठ-नऊ किलोमीटर, वेगळा पादचारी मार्ग, अडीच-तीन तास. बस कित्येकदा मध्यरात्रीपर्यंत अडकून पडते. वाटेतला धोका असा की, थकलेले लोक हद्दीच्या अलीकडेच चटया टाकतात आणि त्यांना पाहून मागचे आडवे होतात. पाटी ओलांडल्याशिवाय बसू नका.

रात्री खडे वेचले, मिनातल्या जमरातवर, म्हणजे सैतानाची खूण मानलेल्या तीन भिंतींवर मारायला. हरभऱ्याच्या दाण्याएवढे, 49. तेराव्या तारखेपर्यंत राहणार असाल तर 70, आणि वर दहा-बारा जास्तीचे. मुझदलिफाला किती वेळ थांबायचं हे मात्र आधीच ठरवून घ्या. कोकणातले शाफई मजहबचे (फिकहच्या परंपरेचे) लोक मध्यरात्र उलटल्यावर निघू शकतात. घाटावरच्या हनफींना फजरनंतर तिथं थोडं थांबणं वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे. एका गटात दोन्ही असले की अंधारात ताटातूट होते.

इथेही वेळ बदललेली आहे. जुने लोक सबीर डोंगरावर ऊन येईपर्यंत हलत नसत. पैगंबरसाहेब चांगलं उजाडल्यावर, पण सूर्य उगवण्याआधी निघाले. आम्हीही तसंच निघालो. वादी मुहस्सिर हे खोरं येतं तिथं पाय उचलायचे, रेंगाळायचं नाही. मग मिना, आणि पहिले दोन जमरात सोडून थेट तिसरा, अकबा.

अकबा म्हणजे घाट. त्याच्याजवळच मक्केच्या बाजूला छोटी जुनी मशीद आहे, बैअतची, म्हणजे निष्ठेच्या शपथेची. 622 साली हजच्या दिवसांत यस्रिबचे, म्हणजे आजच्या मदिनेचे 73 पुरुष आणि 2 बाया रात्री चोरपावलांनी इथं आल्या आणि पैगंबरसाहेबांना शब्द दिला; काही महिन्यांतच हिजरत, म्हणजे मक्केहून तिकडे स्थलांतर झालं. दहा वर्षांनी पैगंबरसाहेब याच घाटाशी दिवसाउजेडी, हजारो लोकांसोबत उभे होते.

खडे एकेक करून मारायचे, सातही एकदम फेकले तर एकच धरला जातो. भिंतीला लागलाच पाहिजे असं नाही, खालच्या हौदात पडला पाहिजे. एहरामापासून तोंडात असलेला ‘लब्बैक’ (हजर आहे) हा घोष पहिल्या खड्याबरोबर थांबतो. पुढे प्रत्येक खड्याला अल्लाहु अकबर.