जुना बी-275 घेताना काय पाहिलं, आणि कुठे अडकलो

मागच्या डिसेंबरात नागपूरजवळ कळमेश्वरकडच्या एका गावात जुना महिंद्रा इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर पाहायला गेलो होतो, घेतलाही, पण मधे जे झालं ते लिहितो. नात्यातले तीन-चार जण सारखे विचारतात, "एवढा म्हातारा ट्रॅक्टर काहून घेतला बे?"

आमची संत्र्याची चार एकर बाग, बाकी थोडी तूर-सोयाबीन. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, फवारणीचा पंप चालवायचा, ट्रॉली ओढायची, ओळीत वखर फिरवायचा, एवढंच काम. नवीनचा हप्ता ह्यातून निघत नाही, वहीत दोनदा मांडून पाहिलं. आणि बी-275 च का, तर त्याच्यात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नाहीच. मूळ डिझाईन इंग्लंडच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, आपल्याकडे 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली ती हे बनवायची, 1977 ला ती महिंद्रात मिसळली. चार सिलिंडर, पस्तीस एचपीच्या आसपास, आणि गावातला कोणताही मिस्त्री हे इंजिन अर्ध्या झोपेत खोलतो.

पहिल्यांदा रविवारी अकरा वाजता गेलो. ट्रॅक्टर विकणाऱ्या काकाजींनी सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर असा चालू झाला जसा कालच शोरूममधून आणला. मी खुश. सोबत आमचे मिस्त्रीकाका होते, त्यांनी काही न बोलता बॉनेटच्या बाजूने इंजिनच्या ब्लॉकवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "काकाजी, आज काही मारलं का शेतात?" "नाई हो, चार दिवसांपासून उभाच आहे." मिस्त्रीकाका म्हणाले बरं, चहा घेतला, निघालो. गाडीत बसल्यावर म्हणाले चार दिवस उभा असलेला ट्रॅक्टर डिसेंबरात असा तापत नसतो, सकाळीच गरम करून ठेवला त्यांनी.

मग बुधवारी पुन्हा. आदल्या रात्री फोन करून सांगितलं की आम्ही साडेसहाला येतो, तोपर्यंत हात लावू नका. अधिवेशन सुरू होतं म्हणून सिव्हिल लाईन्सकडून न जाता रिंग रोडने पळालो, थंडी मरणाची. ब्लॉक बर्फासारखा गार. सेल्फ मारायच्या आधीच मिस्त्रीकाकांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, पाण्यावर ऑइलची साय नव्हती. डिपस्टिकवर ऑइल काळं पण दुधट नाही. मग एक गोष्ट केली ती मला माहीतच नव्हती, इंजिन ऑइलचा खालचा नट पूर्ण न काढता फक्त सैल केला आणि बोटाखाली थेंब पडू दिले. पाणी जड असतं, रात्रभरात तळाशी बसतं, कुठून उतरत असेल तर पहिले थेंब पाण्याचे येतात. आमचा पहिलाच थेंब ऑइलचा आला, नट परत घट्ट.

हे जुनं मॉडेल आहे, नंतरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) नाही, म्हणून चालू करायच्या आधी हिटर देऊन इंजिन आतून तापवावं लागतं. वीसपर्यंत मोजून सेल्फ मारला तर दोनदा नुसता घरघरला, तिसऱ्यांदा पकडला आणि पांढरा धूर एवढा की समोरचं निंबाचं झाड दिसेना. मी घाबरलो पण मिस्त्रीकाका म्हणाले थंडीत एवढा चालतो, दोन-चार मिनिटांत गेला पाहिजे, आणि गेला. निळा राहिला असता तर ऑइल जळतंय, रिंग-लायनरचा खर्च धरायचा. मग ब्रीदरवर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर, तळहात धरला. हवा हळूहळू येत होती, पण हात काढून दाखवला तर तळहातावर मोहरीएवढे ऑइलचे पाच-सहा थेंब. "दोन सिझन काढेल, मग रिंगा टाकशील," असं सांगून त्यांनी हात पँटलाच पुसला.

मागे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टमध्ये खरा दोष निघाला. काकाजींचाच कल्टिव्हेटर जोडला, वर दोन पोती खत ठेवलं, उचललं तर उचललं बरोबर, पण वर गेल्यावर लिफ्ट मान हलवायला लागली, थोडी खाली, परत वर, परत खाली. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांत कल्टिव्हेटर जमिनीला टेकला. म्हणजे आत कुठेतरी लीक आहे, पिस्टनची ओ-रिंग असेल नाहीतर व्हॉल्व्ह. फवारणीला फरक पडत नाही, वखराला पडतो. इथेच भाव मोडला, म्हणजे रिकामी लिफ्ट वर-खाली करून पाहणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

बाकी भराभर सांगतो. पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक हलवलं, डाव्या किंगपिनचा (पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिचा) बुश गेलेला. वावरात लोडवर नेऊन एकदम ॲक्सिलरेटर सोडला, गिअर बाहेर उडी मारत नाही हे पाहिलं. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा मारून पाहिला, उजवा कमी, चाकाच्या आतून ऑइल झिरपलेलं, सील. टायर दिसायला जाड होते, पण बाजूवरच्या चार आकड्यांवर 2311 होतं, म्हणजे 2011 चा तेविसावा आठवडा, आणि कडेला बारीक भेगा. किती तास चालला ते दाखवणारं अवरमीटर बंद, त्याच्या आकड्याकडे तर मी लक्षच दिलं नाही.

सौदा 1,60,000 वरून 1,22,000 ला ठरला, टोकन द्यायचं तर मी म्हटलं आधी आरसी पाहू. इथे घोडं अडलं. आरसी एमएच सिरीज यायच्या आधीची, नाव काकाजींच्या वडिलांचं, ते जाऊन अकरा वर्षं. वर बँकेचा बोजा तसाच चढलेला. "भाऊ, कर्ज तर नव्वदीतच फेडलं," काकाजी म्हणाले, आणि खरंच फेडलं होतं, पण उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो तेवढा जुळला, इंजिन नंबरही जुळला.

मग टोकन न देता परत. बोजा उतरवायला बँकेचा दाखला आणि फॉर्म 35, वारस म्हणून काकाजींच्या नावावर करायला फॉर्म 31, दोघी बहिणींचं संमतीपत्र, नोंदणीची मुदत संपलेली होती म्हणून फॉर्म 25, आणि मग माझ्या नावाला 29 आणि 30. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत गेलेली, जुनं लेजर सापडायलाच तीन आठवडे. ग्रामीण आरटीओच्या बाहेरचा एजंट म्हणाला, "ट्रॅक्टर घेऊन जा ना, नाव नंतर पाहू." बोजा असलेला ट्रॅक्टर एका मयत माणसाच्या नावावर चालवायचा आणि उद्या ट्रॉलीखाली कोणी आलं तर? नाही म्हटलं.

काकाजी आधी चिडले, मग आमच्यापेक्षा जास्त त्यांनीच चकरा मारल्या. फेब्रुवारीच्या शेवटी नाव लागलं. बुश आणि सील टाकले, लिफ्ट अजून तशीच आहे, दुपारी बंद केला की वखर पाच मिनिटांनी आपोआप खाली बसतो आणि खाली झोपलेलं कुत्रं आधीच उठून बाजूला होतं.