दुखवट्याची भाकर कुठे नोंदवायची?

हॅम्बुर्ग, बोखुम आणि गीसेन इथल्या विद्यापीठांतल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी 26 मार्च 2020 रोजी एक ऑनलाइन संग्रह सुरू केला. नाव ‘कोरोनआर्काइव्ह’. जर्मनीतले निर्बंध तेव्हा नुकतेच लागले होते. पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आपल्याकडे जे असेल ते पाठवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. दुकानाच्या दारावरच्या चिठ्ठ्या, पोरांनी खिडकीत चिकटवलेली इंद्रधनुष्यं, ओस पडलेल्या रस्त्यांचे फोटो, सगळं त्यांनी जपून ठेवलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत सारा विलेन आणि कॅथरीन मेसन या दोघी मानवशास्त्रज्ञांनी महामारीच्या रोजनिशीचा प्रकल्प काढला. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, फोटो पाठवा, अशी त्यात सोय होती. पुढची दोन वर्षं तो चालला.

मी जर्मनीतल्या हाले या शहरात मानवशास्त्र शिकते. हे संग्रह चाळताना दरवेळी एकच गोष्ट मनात येते. आपल्या बीड-लातूरकडचं यातलं काय जपलं गेलं? रुग्ण किती आणि मृत्यू किती, याचे आकडे आहेत. करमाडजवळ 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखाली गेलेल्या 16 मजुरांची बातमी आहे, रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो आहेत. पण ज्या घरात माणूस गेलं त्या घरी त्या दिवसांत भाकर कशी पोचली, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आमचे थोरले काका एप्रिल 2021 मध्ये गेले, अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. आमच्याकडे मातीला किती माणूस आलं, हे लोक वर्षानुवर्षं सांगतात. सोयरे-धायरे, भावकी, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोसुद्धा मातीला येतो. न येणं कुणी विसरत नाही. त्या दिवशी आई फोनवर म्हणाली, “लोकं यायलेत गं, पण फाटकातूनच हात जोडून जायलेत. बसायला कोणी नाही.”

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येतात. त्या वेळीही आल्या. आमच्या चुलत वहिनी फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायच्या आणि घराकडे वळता वळता मिस कॉल द्यायच्या. फोन एकदा वाजून बंद झाला की भाकर आली, हे घरात सगळ्यांना कळायचं. रिकामे डबे धुऊन अंगणात उन्हात पालथे घालायचे, मग त्याच भिंतीवर परत ठेवायचे. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

एका गोष्टीला मात्र तोड सापडली नाही. आमच्याकडे बाया गळ्यात पडून रडतात. गेलेल्याला हाका मारत, त्याच्या आठवणी सांगत, हेल काढून रडतात. आत्या आपापल्या गावी अडकल्या होत्या, त्या फोनवरच रडल्या. काकूंनी स्पीकर लावून फोन मांडीवर धरला होता. काकू रडून मोकळ्या झाल्याच नाहीत, असं आई अजून म्हणते. आणि मला ते पटतं.

हालेमध्ये माझ्या शेजारच्या आजींचे यजमान त्याच सुमाराला गेले. इथं दफनानंतर जवळची माणसं एकत्र बसून कॉफी पितात, केक खातात, गेलेल्याबद्दल बोलतात. निर्बंधांत तेही बंद झालं. आजींनी केक भाजला, तुकडे फॉइलमध्ये गुंडाळले आणि ज्यांना बोलावलं असतं त्यांच्या दारांशी नेऊन ठेवले. मला तेव्हा वहिनींचा मिस कॉल आठवला.

रोग आवरायचा तर या गोष्टींना हात लावताना फार जपावं लागतं, हे जगाला इबोलानं शिकवलं. 2014 ते 2016 या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये अकरा हजारांहून अधिक माणसं गेली. मृतदेहाच्या स्पर्शातून लागण होते म्हणून पथकं येऊन परस्पर दफन करायची. लोक चिडले, आजारी माणसं लपवू लागले. गिनीत एक गरोदर बाई गेली. गर्भ पोटात ठेवून बाईला पुरलं तर गावावर संकट येतं, अशी तिथली श्रद्धा, आणि शस्त्रक्रिया करणं पथकाच्या जिवावरचं. ज्युलिएन अनोको या मानवशास्त्रज्ञ बाईंनी गावातल्या जाणत्यांशी बोलून वाट काढली. या दोषाचं परिमार्जन करणारा एक जुना विधी होता, तो करायचं ठरलं आणि दफन सुरक्षित पार पडलं. 2014 च्याच नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘सुरक्षित आणि सन्मानाचं दफन’ अशी कार्यपद्धती काढली. तोपर्यंत त्यांच्या बोलण्यात सुरक्षिततेवरच भर होता. माझ्या मते या साथीतून घ्यायचा सगळ्यात मोठा धडा हाच आहे, आणि 2020 मध्ये आपण तो घेतला नाही.

आपल्याकडे साथीची जुनी समजही होतीच. पटकी-प्लेगच्या वेळी गाव सोडून शिवारात राहायला जाणं, मरीआईचा गाडा शिवेपार लोटणं हे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असायचं. मार्च 2020 मध्ये तीच शीव पुन्हा जागी झाली. रस्त्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या, पुण्या-मुंबईहून आलेली पोरं शाळेत नाहीतर शेतातल्या गोठ्यात राहिली, आया बांधावर भाकर ठेवून मागे सरल्या.

पण अंतर सगळ्यांना सारखं नवं नव्हतं. ज्यांच्या आज्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं, ज्यांच्या शिदोरीत लांबून टाकलेली भाकर पडली, त्यांना “लांब उभे राहा” हे ऐकताना काय वाटलं असेल? गावातला एखादा सवर्ण म्हातारा “आमचं सोवळं बरोबरच होतं” असं म्हणाला असेल, तेव्हा ते कुणाला लागलं? हेही लिहून ठेवायला हवं, आणि ते त्या माणसांच्या तोंडूनच यायला हवं.

म्हणून गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना माझी विनंती आहे. सुट्टीत घरी गेलात की मोबाइलचं रेकॉर्डिंग लावा आणि विचारा. कारखान्यावर अडकलेल्या ऊसतोड बायांना विचारा, तळावर बाळंतपण कुणी केलं. आशाताईंना विचारा, कुठल्या दारात पाणी मिळालं आणि कुठून परत यावं लागलं. स्मशानात लाकडं रचणाऱ्याला विचारा, राख न्यायला कुणीच आलं नाही तेव्हा त्यानं काय केलं. गाव, महिना, वर्ष आधी बोलून घ्या, आणि मधे थांबवू नका. मी आईपासून सुरुवात केली आहे, आता वहिनींची पाळी. “त्यात काय सांगायचं, भाकरी तर सगळेच देतात,” असं त्या म्हणाल्या. तरी दिवाळीच्या सुट्टीत बसायचं ठरलं आहे.